पोडाचा नंबर

आमच्या हॉस्पिटलात रोबो येणार हे ठरलं, त्या आठवड्यात शिपाईकाकांनी माझ्या खोलीतलं कोपऱ्यातलं टेबल रिकामं केलं. त्यावरचे गठ्ठे कपाटावर चढवले, टेबल ओल्या फडक्यानं पुसलं आणि मला विचारलं, "मॅडम, त्याले जाड पिनचा प्लग लागन काय? लागत असन तं इलेक्ट्रिशियनले आताच बलावतो."

मी म्हटलं, "काका, त्याले टेबल नाई लागत आणि प्लगही नाई लागत. तो कॉम्प्युटरच्या आतच राह्यते."

काका हिरमुसले. दसऱ्याला हॉस्पिटलातल्या एक्स-रे मशीनपासून पाण्याच्या मोटरपर्यंत सगळ्यांना तेच हळदकुंकू लावतात. "मंग याले झेंडू वाहाचा कुठी?" असं त्यांनी विचारलं. आता दसऱ्याला ते एक फूल माझ्या कीबोर्डवर ठेवून जातात आणि मी पाकळ्या वेचत बसते.

यवतमाळातल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात मी सरकारी आरोग्य योजनेच्या खोलीची प्रमुख आहे. योजनेतून ज्यांचं ऑपरेशन फुकट होतं, त्यांची केस माझ्या खोलीतून जाते. माझा आवाज तळमजल्यावरून वरच्या वॉर्डात ऐकू येतो असं सिस्टर लोक सांगतात, आणि ते खरं आहे. मी रागीट बाई आहे. घरी नवरा म्हणतो की हॉस्पिटलात ओरडून आलीस म्हणून घरात शांतता आहे, तेव्हा हॉस्पिटलनं माझा पगार वाढवायला पाहिजे.

रोबो कशासाठी हवा होता ते आधी सांगते, कारण लोकांना वाटतं आम्ही हौसेनं आणला. पेशंट आला की त्याची नोंदणी होते, मग कागदपत्रं, मग डॉक्टरांचा अहवाल, मग सरकारी पोर्टलवर मंजुरीची मागणी, आणि मंजुरी आली की ऑपरेशनची तारीख. हा सगळा रस्ता आमच्या सिस्टिममध्ये आखलेला होता. एका टेबलाचं काम झालं की केस आपोआप पुढच्या टेबलाच्या स्क्रीनवर जायची. फक्त मधोमध एक खड्डा होता. आमची सिस्टिम आणि ते पोर्टल एकमेकांशी बोलायचे नाहीत. मग माझ्या खोलीतल्या दोघी जणी दिवसभर या स्क्रीनवरचं वाचून त्या स्क्रीनवर टाइप करायच्या, आणि मंजुरी आली का हे बघायला पोर्टल सारखं उघडायच्या. चांगल्या शिकलेल्या, पेशंटशी गोड बोलणाऱ्या पोरी, आणि काम काय तर नकला करायच्या. मला त्याचा फार संताप यायचा.

पुण्याच्या कंपनीनं पाठवलेली इंजिनिअर तिशीतली होती. मूळची दिग्रसची, पण पुण्यात इतकी मुरलेली की बोलताना चुकूनही 'मले' निघत नसे. पहिल्याच दिवशी तिनं मला जे सांगितलं ते मी अजून सगळ्यांना सांगते. ती म्हणाली, "मॅडम, रोबो म्हणजे तुमच्या साखळीतलं एक टेबल समजा. त्याच्याकडे केस येईल, तो नक्कल करेल, मंजुरी आणेल आणि केस पुढच्या टेबलाला देईल. तो हुशार नाही. पण तो कंटाळत नाही."

हे मला पटलं. कंटाळून चुका करणारे हुशार लोक मी खूप पाहिले होते. आम्ही दोघींनी मिळून तो बसवला. कुठल्या टेबलानंतर त्याचं काम सुरू होणार, तो अडला तर केस कुणाकडे जाणार, मंजुरी आल्यावर पेशंटच्या मोबाइलवर कोणत्या शब्दांत निरोप जाणार, हे सगळं मी कागदावर बाण काढून दाखवायचे आणि ती रात्रीतून ते यंत्राला शिकवून यायची. पहिल्या आठवड्यांतच फरक दिसला. आमच्या दोघी टाइपिंग सोडून वॉर्डात जाऊ लागल्या, आजी-आजोबांना समजावून सांगू लागल्या. ट्रस्टच्या बैठकीत डॉक्टरसाहेबांनी, म्हणजे आमच्या संचालकांनी, माझं नाव घेतलं. मी खाली मान घालून बसले होते, पण आतून अशी फुगले होते की विचारू नका.

आणि मग एका बुधवारी फोन आला. केळापूरच्या पलीकडच्या एका पोडावरून, म्हणजे कोलाम लोकांच्या वस्तीवरून. बोलणारी तिथली आशा सेविका होती. गावातल्या गरोदर बायांपासून तापाच्या पोरांपर्यंत सगळ्यांचं आरोग्य ज्या बघतात, त्यांतली ही. मी तिला दोन-तीनदा भेटले होते. शांत बाई, उगाच फोन करणारी नव्हे.

"ताई, आमच्या त्या पोरीचं काय झालं? इथल्या म्हातारबाबाचा मेसेज आला, तिचाच नाई आला. शनवारी डॉक्टर येनार हायत ना?"

ती पोर मला आठवत होती. आठेक वर्षांची, हृदयात भोक असलेली. बोलताना मधेच थांबून श्वास घ्यायची आणि मग वाक्य पुरं करायची. छाती न उघडता मांडीतून नळी घालून ते भोक बुजवता येणार होतं. ते करणारे डॉक्टर नागपूरहून महिन्यातून एकदाच, शनिवारी, आमच्याकडे येत. आधीच्या महिन्यात तिला ताप होता म्हणून राहिलं होतं. आता आणखी थांबणं बरं नाही असं आमच्या डॉक्टरांनी स्पष्ट लिहिलं होतं.

मी स्क्रीनवर शोधलं. मंजूर झालेल्यांत ती नव्हती, वाट बघणाऱ्यांतही नव्हती. शेवटी बंद केसमध्ये सापडली. समोर शेरा होता: पुनरावृत्ती.

आमच्या रोबोनं तिला दुसऱ्याच माणसाची परत आलेली केस समजून बंद केलं होतं. तो दुसरा माणूस म्हणजे त्याच पोडावरचे एक म्हातारबाबा, मुतखड्याचं ऑपरेशन असलेले. दोघांचं गाव एक आणि मोबाइल नंबर एक. रोबोसोबत शहरातल्या हॉस्पिटलांतून हा नियम आला होता. तिथे घाईत लोक एकच केस दोनदा भरतात. नाव चुकतं, वय चुकतं, पण मोबाइल चुकत नाही, अशी त्या नियमाची समजूत. यवतमाळ शहरातल्या पेशंटवर तपासून पाहिला तेव्हा तो अगदी बरोबर चालला होता.

पण पोडावर मोबाइल हा माणसाचा नसतो. तिथे रेंज टेकडीच्या टोकावर येते. ज्याच्या फोनमध्ये रिचार्ज असतो, जो निरोप वाचू शकतो आणि जो तो घरोघरी सांगेल याची खात्री असते, त्याचा नंबर सगळे लिहितात. त्या पोडावर तो आशा सेविकेचा होता. अर्ध्या वस्तीच्या बँकेत, शाळेत, रेशनवर, दवाखान्यात तिचाच नंबर होता. यात फसवाफसवी काही नाही. ती तिथली पद्धत आहे, आणि पाहायला गेलं तर आपल्यापेक्षा शहाणपणाची.

मी केस लगेच उघडली. कागद पूर्ण होते, आमच्यातली एक जण पोर्टलवर पाठवायला बसली. तेवढ्यात रोबोची फेरी आली आणि त्यानं केस परत बंद केली. आम्ही उघडली, त्यानं बंद केली. तिसऱ्या वेळी मी स्क्रीनला अशा शिव्या दिल्या की शिपाईकाका दारात येऊन, कुणाशी भांडण लागलं म्हणून बघून गेले. शेवटी रोबो थोडा वेळ बंद ठेवून आम्ही हातानं मागणी पाठवली. मागणी गेली. पण मंजुरी कधी येईल ते सांगता येत नाही, ती रात्री-बेरात्री, पहाटेही येते. शनिवारची ऑपरेशनची यादी सकाळी आठला पक्की होते आणि माझी खोली दहाला उघडते. मंजुरी आणून पेशंटचं नाव यादीत टाकणारा रोबोच होता, आणि चालू केला की तो तिची केस बंदच करणार होता.

मी पुण्याला कंपनीच्या मॅनेजरला फोन लावला. तो म्हणाला, "मॅडम, सोपं आहे. प्रत्येक पेशंटचा स्वतंत्र नंबर अनिवार्य करून टाका."

मी चिडले की माझी भाषा थेट माझ्या गावाला, बोरी अरबला परत जाते. "काहून? त्या लेकराले आठवं वर्ष लागलं म्हणून मोबाइल घेऊन द्याचा काय तिच्या बापानं? तुमचा नियम चुकला तं नियम बदला ना, मानसं कायले बदलता?" तो म्हणाला की मला तुमचं नीट समजलं नाही. मी म्हटलं, समजलं नाही तं उद्या परत सांगते, आणि फोन ठेवला.

संध्याकाळी डॉक्टरसाहेबांनी मला आणि अजून आमच्याकडेच मुक्कामाला असलेल्या इंजिनिअरला बोलावलं. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि एक तोडगा काढला. पोडांवरच्या केस रोबोला द्यायच्याच नाहीत. त्या वेगळ्या काढायच्या आणि पहिल्यासारख्या हातानं करायच्या. त्यांच्या डोक्यात वाईट काही नव्हतं. घाईच्या वेळी कुणालाही हेच सुचलं असतं, आणि इंजिनिअरही मान हलवत होती.

मला मात्र एकदम माझे वडील आठवले. ते लहान असताना बोरी अरबला मोठ्या शेतमालकाकडे लग्न असलं की आमच्या लोकांची पंगत गोठ्याच्या बाजूला बसायची, सगळ्यांचं उरकल्यावर. जेवण तेच असायचं. भाजी तीच, बुंदी तीच. फक्त ते शेवटी मिळायचं आणि थंड झालेलं असायचं. दीक्षा घेतल्यावर आजोबांनी त्या पंगतीला जाणं बंद केलं, आणि घरात हे इतक्यांदा सांगितलं गेलंय की ती थंड बुंदी मीच खाल्ली आहे असं मला वाटतं.

मी म्हटलं, "साहेब, शहरातल्या मानसाची मंजुरी पहाटे आली तं पहाटेच पुढं जाईन, आणि पोडावरच्याची मी दहाला येऊन चष्मा घालीन तेव्हा? माझ्या खोलीत दोन पंगती बसणार नाहीत. बसवायच्या असतील तर खोली दुसऱ्याला द्या."

ही धमकी नव्हती, मी खरंच उठून गेले असते. डॉक्टरसाहेब इंजिनिअरकडे वळून म्हणाले, "शुक्रवारपर्यंत होईल का दुरुस्ती?"

ती म्हणाली, "नियम काढून टाकणं सोपं आहे, पण मग खरोखर दोनदा आलेल्या केस सुटतील. मला एक दिवस द्या."

त्या बाईचं मला कौतुक वाटतं ते इथे. दुसरा अख्खा दिवस ती माझ्या शेजारी बसली. तिनं आधी मला विचारलं, "समजा रोबो नसता आणि तुमच्या टेबलावर या दोन केस आल्या असत्या, तर तुम्ही काय केलं असतं?"

"फोन लावून विचारलं असतं, हे एकच मानूस हाय का दोन."

"मग त्यालाही तेच करू द्या. फक्त फोन तुम्ही लावा."

आणि तिनं तसंच केलं. एक नंबर दोन केसमध्ये दिसला की रोबोनं काहीही बंद करायचं नाही. प्रश्न माझ्या स्क्रीनवर ठेवायचा आणि केस मात्र पुढे चालू द्यायची. मी एकदा 'गावाचा नंबर' असं उत्तर दिलं की त्यानं ते कायम लक्षात ठेवायचं, त्या नंबरवर पुन्हा विचारायचं नाही. त्यानं मला विचारायचा प्रश्न तिनं आधी लिहिला होता: 'संभाव्य पुनरावृत्ती, पुष्टी करा.' मी तो खोडून 'एकच माणूस की दोन?' असा केला. निरोपही बदलले. आधी ते 'आपली मंजुरी' असे सुरू व्हायचे. आता आधी पेशंटचं नाव येणार होतं आणि मग 'यांच्या घरी कळवा.' शिवाय डॉक्टरांनी ऑपरेशन झाल्याची नोंद केली की त्याच क्षणी घरच्यांसाठी एक निरोप निघेल, ही कल्पना तिची. मी तिला म्हटलं, तू दिग्रसची आहेस हे आता पटलं. ती हसून म्हणाली, "मले पह्यलेपासूनच माहीत होतं."

शुक्रवारी दुपारी आम्ही पोडांवरच्या जुन्या केस त्याच्यापुढे टाकल्या. प्रश्न माझ्या स्क्रीनवर एकामागून एक येत गेले. कुठे शिक्षकाचा नंबर होता, कुठे किराणा दुकानदाराचा. एका वस्तीवर तर अख्ख्या गावानं एसटीच्या कंडक्टरचा नंबर दिला होता, कारण तो रोज येतो. मी उत्तरं देत गेले. एकही केस बंद झाली नाही. खरोखर दोनदा भरलेली एक होती, ती त्यानं बरोबर पकडून दिली. संध्याकाळी ती पोर बापाबरोबर बसनं येऊन वॉर्डात दाखल झाली. तारीख मिळो न मिळो, या, असं मीच सांगितलं होतं. आई तान्ह्या लेकरापायी पोडावरच राहिली होती. खोलीला कुलूप लावलं तोवर मंजुरी आली नव्हती.

त्या रात्री मला धड झोप लागली नाही. शनिवारी मी नऊच्या आतच हॉस्पिटलात पोचले, ते भांडणाच्या तयारीनंच. मंजुरी नंतर येईल, पोरीला आधी आत घ्या, असं नागपूरच्या डॉक्टरांना सांगायचं आणि ऐकलं नाही तर त्यांच्या दारात बसायचं, इथपर्यंत माझं ठरलं होतं. वॉर्डात गेले तर तिची खाट रिकामी. सिस्टर म्हणाली, "तिला कधीच नेलं, मॅडम. यादीत पहिलं नाव तिचंच होतं."

मी खोलीत जाऊन स्क्रीन उघडली. मंजुरी उजाडता उजाडता आली होती. रोबोनं ती आणली होती, केस पुढच्या टेबलाला दिली होती, नाव यादीत चढलं होतं, घरी निरोप गेला होता. माझ्या खोलीत तेव्हा माणूस नव्हता. पण आम्ही दोघींनी कागदावर काढलेले सगळे बाण जिथल्या तिथे चालले होते. मला रडू आलं. लाज वाटण्यासारखं त्यात काही नव्हतं, म्हणून मी रडून घेतलं.

मग मी पोरीच्या बापाजवळ जाऊन बसले. बऱ्याच वेळानं दार उघडलं आणि डॉक्टर बाहेर आले. "झालं. छान झालं," एवढंच म्हणाले. बापाला पाणी दिलं, चहा पाजला, काचेतून त्याला पोर दाखवली. या सगळ्यात बराच वेळ गेला आणि मग मला आठवलं की तिकडे पोडावर तिची आई जीव मुठीत धरून बसली असेल. मी धावत खोलीत आले आणि आशा सेविकेला फोन लावला. पहिल्याच रिंगला तिनं उचलला. मागे बायांचा, पोरांचा गलका चालला होता.

"बाई, ऑपरेशन झालं! पोरगी चांगली हाय! तिच्या मायले सांगा लवकर!"

"मायच हाय ना इथं मायापाशी," ती म्हणाली. "सकाळपासून आमी सगळ्या जनी टेकडीवरच बसलो हाव. मेसेज तं मघाच आला ताई. तुमाले आता कळलं काय?"

"हो बाई, मले आताच कळलं," मी म्हटलं. माझ्या खोलीची बातमी माझ्याआधी पोडावर पोचली होती, आणि इतक्या वर्षांच्या नोकरीत मागे पडल्याचा एवढा आनंद मला कधीच झाला नव्हता.